आपांची रजा

आपा सगळ्या बायकांना मराठीत बाळंत करायच्या.

टेबलावर कोण आहे याने त्यांना फरक पडत नसे. सौदीतल्या राबिघच्या बाहेर उंट राखणाऱ्या घरातली बदू बाई असो, रिफायनरीतल्या इंजिनिअरची लाहोरची बायको असो, नाहीतर आमच्याच वॉर्डातली फिलिपिनो नर्स असो, आपांचं एकच चालू असायचं. "थांब गो बाय, आता नको जोर देऊस. श्वास घे. हां, अस्सा. आता दे! शाबास गो!" आमचे इजिप्शियन डॉक्टर सुरुवातीला वैतागले होते म्हणे. ही कोणती भाषा, म्हणून त्यांनी विचारलं तर आपा म्हणाल्या, "कळांची." मी त्या हॉस्पिटलात लागले तोवर बाळाचं डोकं दिसायला लागलं की डॉक्टर स्वतःच "थांब गो, थांब गो" करायला लागले होते.

माझं तसं नव्हतं, मी पेशंटशी अरबीत बोलायची. मी बी.एस्सी. नर्सिंग. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. बाप कराडच्या मार्केट यार्डात हमाल, आई एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया. त्या दवाखान्याच्या फरशा पुसत आईने मला नर्स करायचं ठरवलं, आणि मी झाले. डिग्रीचं सर्टिफिकेट फ्रेम करून मी राबिघच्या माझ्या खोलीत भिंतीवर लावलं होतं. कुणाला त्यात गर्व दिसला तर दिसो. आपा पहिल्यांदा खोलीत आल्या, कमरेवर हात ठेवून फ्रेमसमोर उभ्या राहिल्या.

"लोकं भिंतीवर काबा लावतात, गणपती लावतात. हिनं स्वतःलाच लावलंय!"

"माझ्या आईला वाचता येत नाही, आपा. पण व्हिडिओ कॉलवर तिला ते दिसलं पाहिजे."

आपांनी खुर्ची ओढली. मग खुर्चीवर चढून त्यांनी ती फ्रेम थोडी सरळ केली. त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि मी 'ग्रॅज्युएट' झाले. "ए ग्रॅज्युएट, चहा टाक." "ग्रॅज्युएट, तीन नंबरची बाई बघ."

आपा मूळच्या श्रीवर्धनच्या. कोकणी मुसलमान. जुन्या डिप्लोमावर सौदीला आलेल्या आणि इथेच पिकलेल्या. राबिघमध्ये रत्नागिरी-रायगडकडची पुष्कळ माणसं, वेल्डर, फिटर, कुणाचं छोटं दुकान. त्यातल्या ज्यांनी बायकोला इथे आणलं होतं, त्यांच्या घरची बहुतेक पोरं आपांच्याच हातावर आलेली. आपांना अरबीत पाणीसुद्धा धड मागता येत नसे. केसची माहिती विचारणं, नातेवाइकांना समजावणं, सह्या घेणं, हे सगळं माझ्या वाट्याला. पण लेबर रूममधली त्यांची एक पद्धत मी अजून वापरते. बाईबरोबर आलेल्या सासूला त्या सगळ्यात आधी खुर्ची द्यायच्या आणि हातात काहीतरी काम द्यायच्या. पाण्याचा पेला धर, ही चादर घडी कर, असं काहीही. "रिकामी सासू म्हणजे दुसरा पेशंट. तिला आधी कामाला लाव." अरब सासवासुद्धा निमूट चादरी घड्या करत बसायच्या.

आता आखातात नोकरी केलेल्या माणसाला रजा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. वर्षभर माणूस त्या एका महिन्यावर जगतो. आणि तो महिना मिळतो कधी, तर तुमच्या जागी उभं राहायला बदली माणूस असेल तेव्हा. बदली नसेल तर रजा नाही. घरी लग्न असो, मयत असो, "बदली नाही, सिस्टर" एवढं ऐकायचं आणि ड्युटीवर जायचं.

आपा आपली ही महिन्याची रजा घेऊन दरवर्षी मलावीला जायच्या.

मलावी म्हणजे आफ्रिकेतला देश, मलाही नकाशात शोधावा लागला होता. पहिल्या वर्षी त्या जेद्दाहच्या काही डॉक्टरांच्या गटाबरोबर गेल्या होत्या. मोफत शिबिर. त्याची हकीकत त्या सांगायच्या ती अशी: "आठवडाभर होतो. गोळ्या वाटल्या, रक्तदाब मोजले, फोटो काढले. सगळे दमले नि निघाले. तिथं एक नर्स होती, ग्रेस. केंद्रात ती एकटीच. आमच्या गाडीला हात करत उभी राहिली. मी खिडकीतून विचारलं, तू कधी गो जाणार घरी? तर ती हसली. हसली म्हणजे काय ते मला कळलं. तिची पोरं लांब उत्तरेला, तळ्याकाठी, तिच्या आईकडं. आणि हिला बदली नाय."

पुढल्या वर्षीपासून आपा एकट्या जायला लागल्या. तिथल्या कौन्सिलचा तात्पुरता परवाना काढायचा, तिकीट स्वतःचं, आणि जाऊन ग्रेसच्या खुर्चीत बसायचं. आपा उतरल्या की ग्रेस बसने गावी जायची. महिना संपला की ग्रेस परत यायची आणि आपा निघायच्या. दोघींची गाठ पडायची ती फक्त जाता-येता, चार्ज देण्याघेण्यापुरती.

लोकांना हे उलगडून सांगणं कठीण होतं. मशिदीतून, मंडळातून लोक त्यांच्याविषयी गहिवरून बोलायचे. आपा, तुम्ही केवढी मोठी सेवा करता, केवढा सवाब, केवढं पुण्य! आपा भडकायच्या. "सवाब अल्ला बघेल. मी सेवाबिवा करायला नाय जात. मी बदली जाते." एकदा जेद्दाहच्या एका मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. शाल, गुच्छ, सगळं. आपा गेल्या, माइकसमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, "पुढल्या केंद्रात पण एक नर्स अडकलीय. तुमच्यातलं कोण येतंय?" कुणीच बोलेना. "मग ही शाल कशास?" म्हणाल्या आणि खाली उतरल्या. मी सोबत होते. शाल मात्र त्यांनी घेतली. ग्रेसच्या आईला होईल म्हणून.

कारण खोकं भरायचं असे. हे खोकं म्हणजे आपांचा मोठा कार्यक्रम. गल्फमधून घरी जाणारा माणूस रिकाम्या हाताने जात नाही, हा आमच्याकडचा कायदाच आहे. आपा तो ग्रेसला लावायच्या. मोठं पुठ्ठ्याचं खोकं, त्यात जाड सौदी ब्लँकेट, सरबताची पावडर, खजूर, बॅटऱ्या, पोरांचे बूट, अत्तराची बाटली. वरून प्लास्टिक गुंडाळून, नायलॉनच्या दोरीने आवळून, मार्करने ठळक अक्षरात ग्रेसचं नाव आणि तिच्या गावाचं नाव. औषधं एक गोळीसुद्धा नाही.

"आपा, तिथे औषधं कमी असतील. हे सरबत कशाला?"

"औषधं सरकारनं द्यायची. सरबत कोण देणार?"

संध्याकाळी ड्युटी नसली की आम्ही कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, फिरायला जायचो. आपा पाण्याकडे बोट करायच्या. "ती बघ, समोर आफ्रिका. तिथं माझी ग्रेस."

"समोर सुदान आहे, आपा. मलावी खूप खाली. आणि मलावीला समुद्रच नाही."

"तळं हाय ना?"

"तळ्याचा इथे काय संबंध?"

"पाणी ते पाणी. तुम्ही शिकलेली माणसं उगीच नकाशे घेऊन बसता." आणि त्या सुदानकडे बघून दुवा मागायच्या. आता मी हाइलला असते, सौदीच्याच आतल्या भागात. इथे समुद्र नाही, तरी कधी संध्याकाळी पश्चिमेकडे बघून मला ते आठवतं.

त्यांचं सगळंच मला पटायचं असं नाही, आणि मी ते तोंडावर सांगायची. एकदा मंडणगडच्या एका वेल्डरची बायको बाळंत झाली. घरी बाईमाणूस कुणी नाही, म्हणून आपांनी तिला आपल्या क्वार्टरवर आणलं. पाचव्या दिवशी तिला धुरी द्यायचं ठरलं. शेगडी कुठून आणणार? आपांनी बखूर जाळायचं अरबी धुपाटणं घेतलं, त्यात निखारे फुलवले, वर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं टाकली आणि बाजेखाली सरकवलं. मिनिटभरात छतावरचा अलार्म कोकलायला लागला. अख्खी इमारत अबाया सावरत खाली. फिलिपिनो पोरी, केरळच्या सिस्टर, आणि त्यांच्यामध्ये गुंडाळलेलं बाळ घेऊन ती वेल्डरची बायको. सौदी सुरक्षारक्षक धावत वर गेला आणि नाक वर करून खाली आला.

"हा कसला बखूर?" त्याने मला अरबीत विचारलं.

मी समजावलं. तो हसला. म्हणाला, आमच्याकडे मेथी आणि रशाद देतात बाळंतिणीला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने पाठवलेली रशादची पिशवी आली. उघडून बघतो तर आपले अळीव! आपांचा चेहरा असा खुलला की जणू श्रीवर्धनहून पार्सल आलंय. पण मी धुराबद्दल बोललेच. "आपा, नवीन बाळाच्या छातीला धूर वाईट. परत असलं करायचं नाही." त्यांनी हुज्जत घातली, दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या पिशव्या विकत घेऊन आल्या. तेव्हापासून निखारे बंद.

आता मुख्य गोष्ट.

आपांना एकच मुलगी, सुमय्या. ती जुबैलला असायची. जावई तिथल्या एका प्लांटमध्ये टेक्निशियन. सुमय्याला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे हिंदू असो मुसलमान असो, आमच्याकडे ठरलेलं. आणि माहेर म्हणजे आई. श्रीवर्धनचं घर केव्हाच बंद झालेलं, तेव्हा सुमय्याचं माहेर म्हणजे राबिघच्या हॉस्पिटलचं दोन खोल्यांचं क्वार्टर. ती पोट सांभाळत विमानाने देशाच्या त्या टोकावरून या टोकाला आली. जावयाला येता येईना, कारण प्लांटचं दुरुस्तीचं शटडाऊन लागलेलं, आणि शटडाऊनमध्ये कुणालाच सुट्टी नसते.

सुमय्या माझ्याच वयाची. बोलायला आईसारखीच तिखट. आल्या आल्या तिने क्वार्टरच्या कोपऱ्यात दोरीने आवळलेलं खोकं बघितलं.

"माझ्यासाठी आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "ग्रेससाठी."

"वाटलंच."

तारीख आणि आपांची रजा अगदी एकमेकींना चिकटून होत्या. आपांचा हिशेब असा की पोर आधी होईल, नातवंडाचं तोंड बघून, दोन-चार दिवस करून मग निघता येईल. पण पहिलटकरणीचं पोट कुणाच्या हिशेबाने चालत नाही, हे आपांनीच हजार बायकांना सांगितलेलं. तारीख आली आणि गेली. आपा सुमय्याला रोज कॉर्निशवर चालवायला न्यायच्या, मेथीचं पाणी पाजायच्या, पोटाला हात लावून बाळाला दटावायच्या. "काय रे, आजीचं विमान चुकवतोस काय?" सुमय्या हसायची नाही.

डॉक्टरांनी मार्ग सुचवला. दिवस भरलेलेच आहेत, सलाइन लावून कळा आणू. सिस्टर, तुम्ही नातवंड बघून जा. कुणालाही पटावं असंच होतं. सुमय्याही तयार झाली. "करा ना. मला तरी किती दिवस असं बसायचंय?"

आपा नाही म्हणाल्या. "बाळ ठीक हाय, पाणी ठीक हाय, तिचा रक्तदाब ठीक हाय. मग कशास? माझ्या विमानासाठी? माझ्या विमानासाठी माझ्या पोरीच्या पोटाला घाई नाय करायची."

नर्स म्हणून त्या शंभर टक्के बरोबर होत्या. पण बाहेर कॉरिडॉरमध्ये मी त्यांना गाठलं.

"मग विमान सोडा, आपा. यंदा नका जाऊ."

"आणि ग्रेसला काय सांगू?"

"खरं ते सांगा. मुलगी बाळंत होतेय म्हणून. तीही आई आहे, तिला कळेल."

"तिला कळेल गो. तीच तर पंचाईत हाय. ती म्हणेल, नका येऊ, ममा, मुबारक. आणि आपल्या पोरांना फोन करून सांगेल की या वर्षी नाय. तिच्या धाकट्यानं दिवस मोजत भिंतीवर रेघा मारल्यात. मी त्याला सांगू, माझी पोर बाळंत होतेय म्हणून तुझी आई घरी येणार नाय?"

"सुमय्या तुमची मुलगी आहे."

"म्हणून तर तिला तू हाईस, डॉक्टर हाय, अख्खं हॉस्पिटल हाय, राबिघमधल्या सगळ्या कोकणच्या बायका हायत. तिथं ग्रेसच्या जागी कोण हाय?"

"आई नाही आहे इथे. ते कोण भरून काढणार?"

मी एवढं स्पष्ट बोलले. आपांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण त्या रडल्या नाहीत. "ते कुणी नाय," म्हणाल्या. "ते माहीत हाय मला."

आणि गेल्या. टॅक्सीत खोकं चढवताना सुमय्या खाली आली नाही. वरच्या खिडकीत उभी होती. आपांनी वर बघून हात केला. खिडकीतून हात आला नाही.

त्या दिवशी दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. भात कालवून दिला, तो तिने तसाच ठेवला.

"तुला सगळे सांगतात ना, अम्मी केवढी मोठी," ती म्हणाली. "मला विचार. मी मावशीकडे वाढले. अब्बा गेले तेव्हा मी शाळेत होते. अम्मीला हॉस्पिटलने सोडलं नाही. का, तर बदली नव्हती. माती झाली, सगळं झालं, नंतर आली. मला जवळ घेऊन म्हणाली, सुमी, बदली नव्हती गो. मला तो शब्द कळला नव्हता. मला वाटलं कुणीतरी माणूस आहे, बदली नावाचा, तो आला नाही."

हे आपांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संगतीत एक अक्षर नाही.

"मग आता तिने ठरवलंय, जगात कुणाला बदली कमी पडू द्यायची नाही," सुमय्या म्हणाली. "फक्त मी सोडून."

मला आपांची बाजू घ्यायची होती. आफ्रिकेत एक पोरगा भिंतीवर रेघा मारतोय हे खरं होतं. ही इथे ताट तसंच ठेवून बसलीय, हेही खरंच. मी अजूनही या दोन गोष्टींना तराजूत घालून बघते, आणि काटा एका जागी राहत नाही.

आपा जाऊन तीन दिवस झाले आणि सुमय्याला सकाळी कळा सुरू झाल्या. मी ड्युटी बदलून घेतली. दुपारपर्यंत ती शहाण्यासारखी श्वास घेत होती. मग तिने आईला शिव्या द्यायला सुरुवात केली. कोकणातल्या, अस्सल, मलाही नवीन होत्या. डॉक्टर काय म्हणतेय विचारायला लागले, तर मी म्हटलं, प्रार्थना. दुपारनंतरची असरची अजान झाली आणि थोड्याच वेळात मुलगी झाली. काळेभोर जावळ, आणि रडणं असं की बाहेरच्या सासवांनी आत डोकावून बघितलं. पोर पोटावर ठेवली तशा सुमय्याच्या शिव्या थांबल्या. तिला बोटाने चाचपत राहिली.

जावयाला फोन लागला, तो प्लांटमधून ओरडतच होता. आपांचा लागेना. मी मेसेज पाठवला: मुलगी, वजन चांगलं, दोघी सुखरूप. सोबत फोटो. उत्तर आलं ते दुसऱ्या दिवशी, सुमय्याच्या फोनवर. तिने वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला.

टाके किती?

तेवढंच. ना मुबारक, ना माशाल्ला. सुमय्या हसायला लागली. हसताना टाके ओढले तशी कळवळली, आणि मग हसता हसताच रडली. "बघ! नात झाली आणि ही टाके विचारतेय!"

"सांग ना मग," मी म्हटलं. "तिकडे जीव टांगणीला लागला असेल त्यांचा."

तिने लिहिलं: दोन. थोड्या वेळाने एक लांबलचक व्हॉइस मेसेज आला. त्यात आपा अर्धा वेळ बोलतच नव्हत्या, नुसता श्वास ऐकू येत होता. मागे कुणीतरी बाई कण्हत होती. शेवटी, "येते हां गो, येते," असं त्या म्हणाल्या, ते सुमय्याला की त्या बाईला, कळलं नाही.

पुढचे दिवस राबिघच्या बायकांनी सांभाळले. कुणी पेज आणायची, कुणी अळिवाची खीर. वेल्डरची बायको, तीच धुरीवाली, डिंकाचे लाडू घेऊन आली तर मी दारातच विचारलं, "खसखस नाही ना घातली?" इथे खसखस, म्हणजे अफूचं बी, सापडली तर थेट तुरुंग, आणि आमच्या बायकांना लाडवात ती घातल्याशिवाय चैन पडत नाही. ती म्हणाली, "आपांनी शिकवलंय ना." सुमय्या पलंगावरून म्हणाली, "सगळ्यांना शिकवलंय अम्मीने." पण आवाजात पूर्वीची धार नव्हती. रात्रंदिवस जागून ती इतकी थकली होती की धार धरायलाही ताकद उरली नव्हती. मी ड्युटी करून यायची, तासभर बाळ घ्यायची, तेवढाच तिला आराम.

एका दुपारी माझ्या फोनवर ग्रेसचा व्हॉइस मेसेज आला. आपांनी माझा नंबर दिला असावा. इंग्रजीत बोलत होती, हळू, नीट. मुलीला अभिनंदन, बाळाला आशीर्वाद. आणि मग, मी घरी आहे, हे सांगताना तिच्या मागून पोरांचा गलका आला. कुणीतरी तिला 'अमाई, अमाई' हाका मारत होतं, आणि ती बोलता बोलता त्यांना दटावत होती, दटावताना हसत होती.

मी तो सुमय्याला ऐकवला. तिने परत लावायला सांगितला. मग फोन कानाला लावून तिसऱ्यांदा ऐकला.

"धाकटा केवढा आहे तिचा?"

"माहीत नाही गं."

"शाळेत जात असेल," ती म्हणाली. "आवाजावरून." आणि बाळाला पाजायला घेतलं.

आपा परत आल्या त्या सकाळी मी तिथेच होते, ड्युटीला निघत होते. जेद्दाहवरून थेट आलेल्या, अबायाच्या कडेला लाल माती, चेहरा उन्हाने रापलेला. बॅग दारातच ठेवली आणि उंबरठ्यावर थांबल्या. इतकी वर्षं मी त्यांना कुठल्याही खोलीत शिरताना बघितलं होतं. परवानगी मागितल्यासारख्या उभ्या राहिलेल्या त्या पहिल्यांदाच दिसल्या.

सुमय्या बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती. ती थांबली.

"सुमी," आपा म्हणाल्या. "सुमी, मी..."

"माफबिफ नंतर बघू," सुमय्या म्हणाली. "मला झोप आलीय. आधी हात धुऊन ये."

आपांनी हात धुतले. कोपरापर्यंत, लेबर रूममध्ये धुवायच्या तसे. सुमय्याने बाळ त्यांच्या ओंजळीत दिलं आणि बोलत राहिली, सपाट आवाजात, डोळे मिटत आलेले: आत्ता पाजलंय, डाव्या बाजूला. ढेकर नाही काढली. रात्रभर पोट दुखत होतं. लंगोट बदललाय. पालथी घातली की गप्प राहते. आपा मान खाली घालून एकेक गोष्ट ऐकत होत्या, "हां," "बरं" म्हणत होत्या.

सुमय्या आतल्या खोलीकडे वळली. दारात थांबून म्हणाली, "मी उठेपर्यंत कुठे जायचं नाही."

"नाय जाणार," आपा म्हणाल्या.

आतून दार लागलं. आपांनी नातीला छातीशी उभी धरली आणि पाठीवर हात फिरवायला लागल्या.